किर्लोस्करांचं गॅरेज

रविवारी सकाळी विश्रांतवाडीत, धानोरीच्या किंवा टिंगरेनगरच्या आतल्या गल्ल्यांमधून एक चक्कर मारा. कुठल्या ना कुठल्या पार्किंगमधून ग्राइंडरचा आवाज येतोच. कुणाच्या जुन्या जीपला घरी बनवलेला बंपर बसतोय, कुणाच्या बुलेटचं कॅरिअर वेल्ड होतंय, कुणी व्हिडिओ बघून पहिल्यांदाच पत्र्यावर टाके मारतंय आणि टाका पडायच्या ऐवजी पत्र्याला भोक पडतंय. वरच्या मजल्यावरचे काका गॅलरीतून खाली बघतायत. सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार टाकायची की नाही, याचा विचार चाललाय. जुन्या बाजारात जाऊन स्पॅनरपासून अख्ख्या गिअरबॉक्सपर्यंत काहीही उचलून आणणारी ही जमात. घरचे त्यांना ठरलेला प्रश्न विचारतात, यातून पुढे काय होणार?

या प्रश्नाचं एक जुनं उत्तर विश्रांतवाडीपासून फार लांब नाही. होळकर पुलावरून मुळा ओलांडली की खडकी. तिथे १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. या आडनावाचा कारखाना आता इतका मोठा आणि इतका ओळखीचा झालाय, की त्याची सुरुवात एका दुकानवजा खोलीत, हाताला काळं लावून घेणाऱ्या एका ड्रॉइंगच्या मास्तरांनी केली होती हे आपल्या लक्षातही राहत नाही. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर शाळेच्या पुस्तकात एका ओळीत भेटतात, लोखंडी नांगर बनवणारे उद्योजक म्हणून. ती ओळ खरी आहे, पण तिच्यात गंमत काहीच नाही. खरी गंमत नांगर बनवून झाल्यावर सुरू होते.

रंग कळेनात

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा. मराठी संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे पंडित. मुलाने शिकावं आणि घराण्याला शोभेल असं काहीतरी करावं, ही साधी अपेक्षा. मुलाचं मन मात्र दोनच गोष्टींत होतं: चित्रं काढणं आणि यंत्रं. आजच्या भाषेत सांगायचं तर घरच्यांच्या दृष्टीने दोन्ही 'स्कोप' नसलेल्या शाखा.

वडिलांची इच्छा नसताना ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पैसे दिले थोरल्या भावाने, रामूअण्णांनी. या कथेत रामूअण्णांचं नाव पुन्हा पुन्हा येणार आहे. पार्किंगमध्ये एक जण बोल्ट पिळत असतो तेव्हा दुसरा कुणीतरी टॉर्च धरून उभा असतो, हिशोब ठेवतो, चहा आणतो. तो दुसरा माणूस सहसा फोटोत नसतो.

जे. जे. मध्ये दोन वर्षं गेली आणि मग कळलं, की लक्ष्मणरावांना काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. अंशतः रंगांधळेपण. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलासाठी याहून वाईट निदान कुठलं? पण रेषेला रंग लागत नाही. ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि त्यात इतके तयार झाले, की भायखळ्याला नव्याने निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवायला लागले.

नोकरी ड्रॉइंग शिकवण्याची, पण डोळा वर्कशॉपवर. लेथ कसा चालतो, ड्रिल कुठे घसरतं, ओतीव लोखंड कापताना कसं भुग्यासारखं निघतं आणि पोलाद कसं वेटोळी काढतं, हे सगळं त्यांनी तिथल्या यंत्रांवर हात ठेवून शिकून घेतलं. त्यांच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. इथे जरा थांबून विचार करा: यंत्राचं चित्र काढणारा माणूस यंत्राचा एकेक भाग मनात सुटा करून बघतो. आतला कुठला भाग कशाला टेकलाय, कुठे फिरतोय, कुठे झिजणार आहे, हे कळल्याशिवाय छेदाचं चित्र काढताच येत नाही. आपल्याकडे बरेच जण आधी कापतात आणि मग मोजतात. लक्ष्मणरावांची सवय उलटी होती, आणि ती त्यांना जन्मभर पुरली.

सायकल

त्याच काळात मुंबईत सायकल आली होती. तेव्हा ती श्रीमंतांची वस्तू, आज एखादी परदेशी सुपरबाइक असावी तशी. लक्ष्मणरावांना तिच्यात धंदा दिसला. ते मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा बेळगावात त्या विकायचे आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचे. दुकानाचं नाव किर्लोस्कर ब्रदर्स. आजही हा उद्योगसमूह आपला जन्म १८८८ सालचा धरतो, म्हणजे या सायकलींपासूनचा.

पुढे व्हीजेटीआयमध्ये बढतीची वेळ आली, तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. मुंबईतली कायमची नोकरी सोडून सायकलच्या दुकानात बसायचं, हे आजही कुठल्या घरात सहज पचणार नाही.

जाता जाता एक गोष्ट. सायकलचं दुकान ही त्या काळातली जगभरातली सर्वात चांगली इंजिनिअरिंगची शाळा होती, असं म्हणायला हरकत नाही. अमेरिकेत डेटन गावात राइट बंधूंचं सायकलचं दुकान होतं; १९०३ मध्ये त्यांनी विमान उडवलं ते याच दुकानाच्या कमाईवर आणि तिथल्या हत्यारांवर. डेट्रॉइटमध्ये हेन्री फोर्डने १८९६ साली घरामागच्या शेडमध्ये पहिली गाडी बनवली, तिला चाकं सायकलसारखी होती. गाडी तयार झाली आणि लक्षात आलं, की शेडच्या दारातून ती बाहेरच निघत नाही. मग विटा फोडल्या. (घरच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी. आधी दार मोजा.) सायकलमध्ये साखळी असते, बॉल बेअरिंग असतं, ताणलेले स्पोक असतात, हलकी पण मजबूत नळ्यांची फ्रेम असते. सायकल रोज उघडून जोडणाऱ्याला हे सगळं बोटांनी कळतं.

फोर्ड आणि राइट बंधूंना वेगाने पछाडलं होतं. बेळगावच्या दुकानातून बाहेर बघणाऱ्या लक्ष्मणरावांना दिसत होता तो बाजाराला आलेला शेतकरी. त्याला सायकलचा काही उपयोग नव्हता.

नांगर विकला जाईना

पहिली वस्तू निघाली कडबा कापायचं यंत्र. ज्यांचं गाव अजून सुटलेलं नाही त्यांना हे सांगायला नको: ज्वारीचा अख्खा कडबा बैलापुढे टाकला, की तो पानं खातो आणि जाड बुडखे तुडवून टाकतो. तोच कडबा बारीक कापून घातला, तर सगळा पोटात जातो. दुष्काळी भागात ही बचत म्हणजे जनावर जगणं आणि विकावं लागणं यातला फरक. फिरतं चाक, त्याला पाती आणि कडबा पुढे सरकवायची सोय, एवढंच यंत्र. परदेशी यंत्रं बघायची, अमेरिकन मासिकांतून आणि पुस्तकांतून ओतकाम वाचून शिकायचं आणि आपल्याकडे चालेल अशी वस्तू आपल्या हाताने घडवायची, ही त्यांची पद्धत.

मग नांगर. आपला परंपरेने चालत आलेला लाकडी नांगर जमीन उकरतो, पण उलथवत नाही. काळ्या रानात हरळी, कुंदा असलं तण खोल मुळं धरून बसलेलं असतं. ते काढायचं तर मातीचा थर उचलून पालथा पडायला हवा. त्यासाठी परदेशात लोखंडी नांगर होते. त्यांना एक बाकदार फळी असते, फाळाने कापलेली माती तिच्यावरून वर चढते आणि वळून पालथी होते. या फळीचा बाक हीच सगळी कला. बाक जास्त झाला तर बैलांवर ओझं, कमी झाला तर माती नुसती बाजूला सरकते. आणि बाक कागदावर कितीही सुंदर दिसला, तरी बेळगावची तांबडी माती आणि सोलापूरची काळी माती त्याला वेगवेगळं उत्तर देते.

लक्ष्मणरावांनी नांगर बनवला. तो कुणी घेईना. पहिले नांगर विकले जायला दोन वर्षं लागली.

लोखंडाने जमिनीला विष बाधतं असा तेव्हा समज होता, हे कारण नेहमी सांगितलं जातं. ते खरंच आहे. पण शेतकरी अडाणी होता म्हणून नांगर विकला गेला नाही, हा निष्कर्ष मला फार सोपा वाटतो. त्याच्या बाजूने बघा. जमीन एकच. पावसाळा वर्षातून एकच. बैल कर्जावर घेतलेले. बेळगावचा कुणी सायकलवाला जड लोखंडी वस्तू घेऊन येतो आणि म्हणतो, ही जमिनीत घाल. नांगर चालला नाही तर सायकलवाल्याचा एक नांगर जाईल, याचं वर्ष जाईल. विषाची भाषा सोडली, तर तो शेतकरी जोखमीचा अगदी बरोबर हिशोब करत होता. जाहिरात वाचून त्याचं मन बदलणार नव्हतं. नांगर त्याच्यासारख्याच रानात, त्याच्यासारख्याच बैलांमागे चालताना दिसायला हवा होता, आणि एका हंगामानंतर ते रान जिवंत असायला हवं होतं.

दोन वर्षं न विकली जाणारी वस्तू दुकानात बघत बसणं कसं असेल? रोज येणारा प्रत्येक जण विचारणार. रामूअण्णांच्या वहीत फक्त खर्चाची बाजू भरत जाणार. अशा वेळी दोन रस्ते असतात. एक म्हणजे लोकांना अक्कल नाही असं म्हणून नाद सोडणं. दुसरा म्हणजे वस्तूत अजून काय कच्चं आहे ते शोधत राहणं. लक्ष्मणराव दुसऱ्या रस्त्याने गेले.

आणि नांगरात कच्चं राहायला भरपूर जागा असते, विशेषतः फाळाच्या टोकाला. इथे थोडी धातूची भाषा बोलूया, कारण वेल्डिंग मशीन हाताळणाऱ्याला ती उपयोगी आहे. ओतीव लोखंड साच्यात हळू थंड झालं, तर त्यातला कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांसारखा वेगळा होतो. असं लोखंड करड्या रंगाचं दिसतं, ड्रिलने सहज कापलं जातं, पण मातीत घासून लवकर झिजतं. तेच लोखंड झटकन थंड केलं, तर कार्बन लोखंडाशी जोडलेलाच राहतो. तुटलेली बाजू पांढरी दिसते, कानस तिच्यावरून घसरते. असा फाळ झिजत नाही, पण दगड लागला की काचेसारखा फुटतो. म्हणजे टोक झिजू नये इतकं कडक हवं आणि बाकीचा भाग फुटू नये इतका सोशिक हवा, तेही एकाच ओतकामात. वाळूच्या साच्यात जिथे कडकपणा हवा तिथे धातूचा ठोकळा बसवायचा, म्हणजे तेवढीच बाजू लवकर गार होते. अमेरिकेत जेम्स ऑलिव्हरने याच युक्तीवर नांगरांचं साम्राज्य उभं केलं होतं. ऐकायला सोपं वाटतं. पण लोखंड किती तापलंय, त्यात भंगार कुठलं पडलंय, वाळू किती ओली आहे, यातलं एक जरी चुकलं तरी आख्खी घाणी वाया. वाळू ओली राहिली तर वाफ होऊन वितळलेलं लोखंड अंगावर उडतं. ही विद्या वाचून सुरू होते, पण येते ती फुटलेल्या फाळांमधून.

फुटलेला फाळ घेऊन चिडून दुकानात येणारा शेतकरी, हा खरा परीक्षक. आपल्या पार्किंगमधल्या कामात आणि बेळगावच्या त्या खोलीत मला सगळ्यात मोठा फरक दिसतो तो इथे. आपण गाडी मॉडिफाय करतो, फोटो टाकतो, लाइक येतात. बंपरचा टाका सहा महिन्यांनी कुठे तडकला, हे विचारायला कुणी परत येत नाही. लक्ष्मणरावांनी बनवलेली प्रत्येक वस्तू दुसऱ्याच्या शेतात जाऊन झिजत होती, आणि झिजून परत येत होती.

जागा खाली करा

नांगर हळूहळू खपायला लागले, आणि नेमकी तेव्हाच बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला सांगितली. भट्टी, यंत्रं, साचे, माणसं, सगळ्याचं काय करायचं? गॅलरीतले काका परवडले म्हणायची वेळ.

मदत आली औंधहून. औंध हे तेव्हाचं छोटं संस्थान, राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे, स्वतः चित्रकार. रंग नीट न दिसणारा ड्रॉइंग मास्तर आणि चित्रं काढणारा राजा यांची मैत्री होती. बाळासाहेबांनी कारखान्यासाठी दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं आणि आपल्या संस्थानात जागा दिली. लक्ष्मणरावांनी निवडली कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची ३२ एकर जमीन. गाव बघून कुणी ती जागा निवडली नसती. माळ, खडक, निवडुंग आणि नाग. पण शेजारून रेल्वे जात होती. कच्चं लोखंड आणि कोक येणार रेल्वेने, नांगर जाणार रेल्वेने. बाकी सगळं माणसाच्या हाताने होण्यासारखं होतं.

१९१० मध्ये २५ कामगार आणि त्यांची कुटुंबं त्या माळावर राहायला आली. निवडुंग तोडून शेड उभ्या राहिल्या. त्या वस्तीची झाली किर्लोस्करवाडी. आज सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात हे गाव आहे, स्टेशनचं नावही तेच आहे आणि किर्लोस्कर ब्रदर्सचा कारखाना अजून तिथे चालू आहे.

या वस्तीची टीम बघण्यासारखी होती. शंभोअण्णा जांभेकर कारखान्याचे इंजिनिअर आणि व्यवस्थापक. रामूअण्णांकडे वस्तीची आखणी आणि कारभार. मंगेशराव रेगे कारकून, चिटणीस आणि हिशोबनीस, तिन्ही एकटेच. अनंतराव फळणीकरांनी शिक्षण अर्धवट सोडलेलं, पण यंत्रात डोकं अफाट. के. के. कुलकर्णी विद्यार्थी म्हणून अगदीच कामातून गेलेले. वाडीत मात्र जे काम कुणाच्याच खात्यात बसत नाही ते सगळं त्यांच्याकडे. आज कुठल्याही कंपनीच्या कॅम्पस इंटरव्ह्यूत यातले दोघे-तिघे पहिल्याच फेरीत गळाले असते.

आणि राखणदार? तुकाराम आणि पिऱ्या, दोघेही शिक्षा झालेले दरोडेखोर. माणूस मुळात वाईट नसतो आणि विश्वास टाकला की तो त्याला जागतो, असं लक्ष्मणराव मानत, आणि मानून थांबत नसत. कारखान्याची रात्रीची जबाबदारीच त्यांनी या दोघांवर टाकली. वस्तीत अस्पृश्यता पाळायला त्यांनी बंदी केली. १९१० च्या दशकात, संस्थानी मुलखात, जिथे शेजारच्या गावात पाणवठे वेगळे होते, तिथे. भट्टीवर काम करताना वितळलेल्या लोखंडाची पळी दोघांनी मिळून उचलावी लागते. ती उचलताना पलीकडच्या माणसाची जात कुणी बघत बसलं, तर दोघेही भाजणार.

तोफा वितळल्या

कारखाना जरा स्थिरावतोय तोवर १९१४ चं महायुद्ध आलं. एका बाजूने परदेशी नांगर यायचे थांबले, म्हणजे बाजार मोकळा. दुसऱ्या बाजूने परदेशी लोखंडही आटलं, रंग मिळेना, कोळसा मिळेना. गिऱ्हाईक दाराशी आणि भट्टी गार, अशी अवस्था.

तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या, निकामी झालेल्या तोफा लक्ष्मणरावांना दिल्या. त्या फोडल्या, भट्टीत घातल्या आणि त्यांचे नांगर झाले. किल्ल्यावरची तोफ मोडणं म्हटल्यावर आज आपल्या पोटात गोळा येईल, आणि ते बरोबरही आहे. पण त्या वर्षी त्या तोफेसाठी ना दारूगोळा होता ना शत्रू, आणि रानात हरळी माजलेली होती. शाहू महाराजांना दोन्हींचं वजन कळत होतं.

जुन्या बाजारातून भंगार आणणाऱ्यांनी या गोष्टीतली तांत्रिक बाजूही लक्षात घ्यावी. भंगार म्हणजे मिश्रण. कुठल्या तुकड्यात काय आहे ते माहीत नसताना त्यातून ठरलेल्या गुणाचा धातू काढणं हे नव्या, प्रमाणित लोखंडापेक्षा कितीतरी अवघड असतं. थोडं टाकायचं, ओतायचं, तोडून तुटलेल्या बाजूचा दाणा बघायचा, पुन्हा ओतायचं. रंगांधळ्या माणसाला करडा आणि पांढरा हा फरक मात्र बरोबर दिसत असणार.

युद्ध संपलं तोवर कारखान्याने चांगलं बाळसं धरलं होतं. जानेवारी १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे आपल्याला शं. वा. किर्लोस्कर म्हणून माहीत असलेले, यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. कारखान्याच्या बातमीपत्रासारखं निघालेलं हे मासिक पुढे 'किर्लोस्कर' झालं. त्याच्या जोडीला 'स्त्री' आणि 'मनोहर' आली. आपल्या आज्यांनी विसाव्या शतकातले बरेच नवे विचार पहिल्यांदा वाचले ते याच घरच्या मासिकांत. नांगराच्या कारखान्यातून मराठी वाङ्मयाची एक अख्खी शाखा निघाली, ही गोष्ट खरं म्हणजे वेगळ्या लेखाची आहे.

लक्ष्मणरावांचे थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत यांत्रिक अभियांत्रिकी शिकून १९२६ मध्ये परतले. त्याच सुमारास वाडीत सेंट्रिफ्युगल पंप बनायला लागले. म्हणजे वडिलांनी जी विद्या फुटक्या फाळांवरून शिकली, ती मुलगा आकडेमोड करून शिकून आला. उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, पंप, पुढे लेथ. यादी वाढत गेली, पण नीट बघितलं तर दिसेल की बराच काळ ती शेताच्या बांधाभोवतीच फिरत होती. जमीन नांगरली, मग पाणी लागणार. पाणी उपसायचं तर पंप. पंप फिरवायचा तर इंजिन. एकेक वस्तू आधीच्या वस्तूने उभ्या केलेल्या गरजेतून आली.

ज्यांना औंध भेटलं नाही

इतकं वाचून कुणाला वाटेल, की हात काळे केले की पुढे कारखाना ठरलेलाच. तसं नसतं. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी आठवा. किर्लोस्करवाडीपासून फार लांब नाही हे गाव. इंजिनिअरिंगचं शिक्षण नसताना या माणसाने स्वातंत्र्यानंतर लगेचच्या काळात छोटी गाडी स्वतः बनवली, तिचं नाव 'मीरा'. सामान्य माणसाला परवडावी, दुरुस्तीला सोपी असावी, म्हणून ते १९७० च्या दशकापर्यंत तिची एकामागून एक सुधारित मॉडेल्स करत राहिले. गाड्या रस्त्यावर धावल्या, पण कारखाना उभा राहिला नाही. परवाने, भांडवल, सरकारी धोरण यात गाडी अडकली ती अडकलीच. लोकांना परवडणारी छोटी गाडी शेवटी १९८३ मध्ये मारुतीच्या रूपाने आली, जपानी तंत्रज्ञान घेऊन. शंकररावांच्या हातात कमी काही नव्हतं. त्यांच्या कुंडल रोडला रेल्वे थांबली नाही, एवढंच.

आजच्या पार्किंगवाल्यांसमोर अडथळा वेगळा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलंय. फुलेनगरच्या आरटीओत लायसन्सच्या टेस्टला जाऊन आलेल्या प्रत्येकाला ही जागा माहिती आहे. चॅसी कापलेली गाडी घेऊन तिथे गेलात तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. कर्कश सायलेन्सर जप्त करून त्यावर रोलर फिरवल्याचे फोटो आपण सगळ्यांनी बघितलेत. राग येतो हे मान्य. पण गाडीचा ब्रेक, तिचं वजन आणि अपघातात दुमडायची जागा हे सगळं एकमेकांना धरून ठरवलेलं असतं. घरी बनवलेला जाडजूड बंपर पुढून येणाऱ्याचा पाय मोडतो आणि आतल्या एअरबॅगचं गणितही बिघडवतो.

मग करायचं काय? कॉलेजात असाल तर बाहा एसएई इंडिया किंवा फॉर्म्युला स्टुडंटच्या टीममध्ये घुसा. तिथे नळ्यांची फ्रेम तुम्हीच वेल्ड करता, सस्पेन्शन तुम्हीच बसवता आणि मग परीक्षक तुमच्यासमोर ती गाडी कसून तपासतात. टाका कुठे तडकला हे सांगायला तिथे माणूस असतो. दुसरा रस्ता लक्ष्मणरावांचाच. ज्याला आरटीओची पाटी लागत नाही अशा कितीतरी वस्तू गावाकडे आणि गल्लीत अडलेल्या असतात: भाजीवाल्या मावशींची हातगाडी, दिव्यांग माणसाच्या तीनचाकीची सीट, इस्त्रीवाल्याचा ठेला, शेतातली पेरणीची छोटी अवजारं. यातली एक वस्तू बनवून द्या, आणि सहा महिन्यांनी जाऊन बघा. (आणि वेल्डिंग करताना काळी काच वापरा. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं की कळतं, पण तेव्हा उशीर झालेला असतो. गॅल्व्हनाइज्ड पत्रा बंद खोलीत वेल्ड करू नका, त्या पांढऱ्या धुराने ताप भरतो.)

लक्ष्मणराव उतारवयातही वाडीचा पसारा वाढताना बघत होते. १९४१ मध्ये हरिहरला लेथ बनवणारी म्हैसूर किर्लोस्कर निघाली. पाच वर्षांनी बेंगळुरूला विजेच्या मोटारींचा कारखाना झाला आणि आपल्या खडकीत डिझेल इंजिनांचा. विहिरीवर टुकटुक करत चालणारं, एका माणसाला हाताने फिरवून सुरू करता येणारं इंजिन. मोट सुटली, बैल सुटले, बागायत वाढली. ज्या शेतकऱ्याने दोन वर्षं नांगराला हात लावला नव्हता, त्याची नातवंडं विहिरीवर इंजिन घ्यायला किर्लोस्करांचंच नाव विचारत दुकानात येऊ लागली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये, जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा, टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं. किर्लोस्करवाडीला जायचं असेल तर पुणे-मिरज मार्गावरच्या गाडीत बसा. मिरजेच्या अलीकडे, ताकारीनंतर ते स्टेशन लागतं.